कमी मेहनतीचे दहा मार्ग

नवरात्र आटोपले की गुजराती मुलुखातल्या आमच्या लिंबायतच्या गल्ल्यांना एक वास येऊ लागतो. तो फुलांचा नसतो, फराळाचा तर नसतोच. तो गमाचा वास असतो, गोडसर आणि हळूहळू डोक्यात चढणारा. दिवाळीच्या साड्यांची पोटली, म्हणजे मोठाली गाठोडी, टेम्पोतून उतरतात, ओट्याओट्यांवर सुटतात, आणि बायका मांडीवर साडी पसरून तिच्यावर काचेचे बारीक खडे चिकटवायला बसतात. मार्केटात या खड्यांना डायमंड म्हणतात. पेन्सिलीच्या टोकाला मेणाचा कण लावायचा, त्याने खडा उचलायचा, मेंदीच्या कोनासारख्या कोनातून गमाचा ठिपका सोडायचा आणि गम सुकायच्या आत खडा त्यावर ठेवायचा. एका साडीवर असे शेकडो. ऑक्टोबरचे ऊन पत्र्यांवरून खाली उतरत असते, सीताफळांच्या गाड्या ओरडत जातात, माग खडखडत असतात आणि बायकांच्या माना खाली असतात.

गेली सहा वर्षे हा वास आला की मी खिडकी लावून घेतो. पत्नी विचारते, एवढ्या उकाड्यात खिडकी कशाला लावता. मी म्हणतो, मागांचा आवाज येतो. मागांचा आवाज बारा महिने येतो हे तिला ठाऊक आहे. ती पुढे काही विचारत नाही.

यंदा तो वास यायला आणि आमच्या शाळेच्या संस्थेचा निरोप मोबाईलवर यायला एकच गाठ पडली. मुलींच्या फुटबॉल संघासाठी निधी उभारायचा आहे. इतर शाळांनाही देता येईल अशी एक यादी मी तयार करावी. यादीचे नावही त्यांनीच ठरवले होते: कमी मेहनतीचे दहा मार्ग. खाली चिटणीसांनी आपुलकीने दोन ओळी जोडल्या होत्या. "सर, तुमचा तो साड्यांचा प्रयोग पहिल्या नंबरावर घ्या. तेवढं सोपं परत काही जमलंच नाही. शेठशी बोलणं झालं आहे, सोमवारी पोटली येतील."

मी चढ्या आवाजात बोलत नाही. वर्गात नाही, घरात नाही. याबद्दल माझे कौतुक होते आणि ते मी आयुष्यभर संकोचाने, पण न चुकता स्वीकारत आलो. तो निरोप वाचल्यावर मात्र माझ्या कानशिलांत रक्त भरले. मोबाईल भिंतीवर फेकावासा वाटला. फेकला नाही. टेबलावर पालथा ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो, जणू निरोप त्यानेच लिहिला होता.

कमी मेहनत. हे दोन शब्द मी दिवसभर तोंडात घोळवले. कोणाची मेहनत कमी, हे त्या शब्दांत कुठेच नाही. ते न सांगता राहिले म्हणूनच ते शब्द इतके गुळगुळीत आहेत.

सहा वर्षांपूर्वी संघ नवा होता. शाळेत क्रीडाशिक्षक नव्हता. मी समाजशास्त्र शिकवतो, पण कोणीतरी हवे म्हणून संघ माझ्याकडे आला. गरबा संपला की पालिकेच्या मैदानावर मांडवाच्या खांबांचे खड्डे उरत. मुली घमेल्यांनी माती आणून ते बुजवत, तुटलेल्या टिपऱ्या कोपऱ्यांत रोवून त्यांचे झेंडे करत. पायांत शाळेचेच पांढरे कॅनव्हासचे बूट, अंगठ्यापाशी फाटलेले. चेंडू एकच होता आणि त्याचीही शिवण उसवत आली होती. पण त्या मुली खेळायला लागल्या की मैदानाच्या कडेने जाणारे रिक्षावाले रिक्षा थांबवत.

मनीषा गोलरक्षक होती. नववीत, उंच, डावखुरी, कोपरांवर सदैव खपल्या. ती बचावाच्या मुलींवर गुजरातीत ओरडे, समोरच्या संघावर हिंदीत, आणि गोल झाला की स्वतःला अहिराणीत शिव्या घाले. एकदा मी तिला विचारले, "मनीषा, मराठीत काही बोलशील की नाही?" ती म्हणाली, "मराठी तुमच्याशी बोलते ना सर. ती परीक्षेची भाषा." हातमोजे तिच्याजवळ नव्हते. वडिलांचे थंडीतले लोकरीचे मोजे घालून ती मैदानाच्या खडीवर झेपावत असे.

दिवाळीनंतर जिल्ह्याची स्पर्धा होती. तिथे कॅनव्हासच्या बुटांत उतरू देणार नव्हते. खरे बूट, नडगीचे संरक्षक, एकसारखे सदरे, हातमोजे हे सगळे हवे होते, आणि संस्थेने सांगितले, निधी तुम्ही उभारा.

शिक्षकांच्या खोलीत बैठक झाली. चहा आला. कोणी म्हणाले, रद्दी गोळा करू. ज्या वस्तीत वर्तमानपत्र वडापावाला गुंडाळूनच घरात येते, तिथे रद्दी. कोणी म्हणाले, सोडतीची कुपने छापू, प्रत्येक मुलीला एक पुस्तक देऊ. ती कुपने कोण घेणार होते, तर तिचेच काका, तिचीच मावशी आणि शेवटी उरलेली तिचाच बाप. कोणी म्हणाले, पाणीपुरीचा ठेला लावू, काहीच लागत नाही. बटाटे उकडायला काहीच लागत नाही, कारण ते आया उकडतात. प्रत्येक मार्ग सोपा होता आणि प्रत्येक मार्गाच्या शेवटी कोणीतरी बाई वाकून काहीतरी करत होती. आम्ही नऊ शिक्षक तिथे बसलो होतो. आपल्या खिशात हात घालावा, एवढी सरळ गोष्ट कोणाच्याही ओठांवर आली नाही. माझ्याही नाही. आज चिटणीसांवर संतापताना मला त्या बैठकीतला माझा कप आठवतो. त्यात मी बिस्किट बुडवत होतो.

मग चिटणीसांनी मार्केटातल्या एका शेठशी गाठ घालून दिली. थंड दुकान, पांढऱ्या गाद्या, भिंतभर साड्या. शेठ हसतमुख होता. मोडक्या मराठीत म्हणाला, "मास्तर, तुम्हाला काय करायचंच नाय. पोटला शाळेत येणार, पोटला शाळेतून जाणार. छोकरीलोग रिसेसमध्ये बसून डायमंड लावणार. मी शाळेला दान देणार. तुमचं पण काम, माझं पण पुण्य." मी त्याचे आभार मानले. दोनदा मानले.

माझी आई याच गल्ल्यांत साड्यांचे सुटे धागे कापत असे, हे मी विसरलो होतो असे लिहिले तर सुटका होईल. विसरलो नव्हतो. दुकानातल्या त्या थंड हवेत ते आठवणे बरे दिसले नसते, एवढेच.

पोटली आली. वर्गाचे बाक भिंतीला लावून सतरंज्या अंथरल्या. पहिले आठ दिवस सोहळाच होता. मुली रांगोळीला बसाव्यात तशा गोल करून बसत. कोमल नावाची एक बारीक मुलगी, संघात डाव्या बगलेला खेळणारी, मनीषाला म्हणे, "बॉल तर हातात राहत नाय तुझ्या, डायमंड बरोबर राहतो."

"मग मोज्याला गम लावू का? बॉलपण चिकटेल."

"लाव ना. मग तू गोलमध्येच चिकटून राहा, घरी जाऊ नको."

सगळ्या हसत. मीही हसे. मनीषाचा हात सर्वांत वेगाने चाले. तिची कोयरी अशी नेटकी उतरे की मी ती इतरांना दाखवत असे. ही विद्या तिने कुठे मिळवली, तिच्या हातांना ही सवय कोणी लावली, हे विचारायला एक वाक्य पुरले असते. संध्याकाळी सरावाला मुली उशिरा येत, बोटांची टोके पांढरी आणि सालटी निघालेली असत, मान चोळत चोळत धावत. मी वहीत लिहिले, शिस्त वाढते आहे.

दोन आठवडे झाल्यावर एका दुपारी मनीषाची आई शाळेत आली. लताबाई. मूळची अमळनेरकडची, नवरा मागावर, स्वतः वर्षानुवर्षे घरी खड्यांचे काम करणारी. पायऱ्यांवर चपला काढून ती दारातच उभी राहिली. मी म्हणालो, "या ना, ताई, बसा." ती बसली नाही.

"सर, राग नका मानू," ती जपून मराठीत म्हणाली. "एक विचारायचं होतं. हे काम शाळेत किती दिवस चालेल?"

"का हो?"

तिची जपलेली मराठी तिथे सुटली आणि ती अहिराणीवर आली. "आमनी गल्लीमा यंदा पोटलं उनंच नही. ठेकेदार सांगस, माल शाळामा जाई राह्यना. आमना हातनं काम आमन्याच पोरी लई गयात, सर."

मला कळले. ज्या वेळी ती हे म्हणाली, त्याच क्षणी पूर्ण कळले. समजायला वेळ लागला असेही मला म्हणता येणार नाही. जो शेठ गल्लीतल्या बायकांना मजुरी देत होता, तो तेच काम मुलींकडून करून घेऊन शाळेला त्याहून थोडके दान देत होता. दिवाळीच्या आधीचे हे तीन आठवडेच त्या बायकांचे वर्षाचे खरे काम. ते मी उचलून शाळेत आणले होते आणि त्यांच्याच लेकींच्या हाती दिले होते. ही चूक दुसऱ्या कुठल्या गावच्या मास्तरला करताही आली नसती.

मी काय करायला हवे होते? त्याच दुपारी पोटली बांधून परत पाठवायला हवी होती. पण स्पर्धा पुढ्यात होती, बुटांची मापे घेऊन झाली होती, आणि चिटणीसांनी माझे नाव कुठल्याशा सत्कारासाठी सुचवले होते. मी खुर्चीतून उठलो, लताबाईंच्या जवळ गेलो आणि माझ्या त्या प्रसिद्ध मऊ आवाजात म्हणालो, "ताई, एवढा हंगाम जाऊ द्या. पुढच्या वर्षी नक्की काहीतरी बघू."

ती भांडली असती तर बरे झाले असते. पण मी इतक्या हळू, इतक्या आदराने बोललो होतो की भांडायला तिला जागाच उरली नाही. कठोर माणसाला निदान उलट उत्तर देता येते. तिने पदर खांद्यावर घेतला, "बरं, सर," म्हणाली आणि चपला शोधू लागली. मागे व्हरांड्यात मनीषा चेंडू पोटाशी धरून उभी होती. तिने किती ऐकले, हे मी पाहिले नाही. पाहायचे नव्हते म्हणून पाहिले नाही.

बूट आले, सदरे आले, खरे हातमोजे आले. वाटप झाले त्या दिवशी मनीषाने आपली पिशवी न उघडताच माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, "सर, मला खेळायला नाही जमणार. दहावीची तयारी आत्तापासूनच करायची आहे." नववीतली मुलगी, सहामाहीलाही जी पुस्तक मैदानावर विसरून येत होती. ते खोटे खरे मानायला मला काडीचीही मेहनत पडली नाही. मी म्हणालो, "छान. अभ्यास महत्त्वाचा." हातमोजे दुसऱ्या मुलीला दिले. तिला ते मोठे होत होते.

संघ दुसऱ्या फेरीपर्यंत गेला. व्हरांड्यात अजून त्याचे छायाचित्र आहे. निळ्या सदऱ्यांतल्या मुली, आणि कडेला मी, शाल आणि नारळ घेऊन. सत्काराच्या भाषणात चिटणीस म्हणाले होते की आमच्या सरांनी कोणालाही तोशीस न लावता निधी उभा केला. मी मान खाली घातली होती. लोकांना ती विनम्रता वाटली.

पुढच्या वर्षी काही बघितले नाही. शेठने दुसरीकडून स्वस्तात काम करवून घ्यायला सुरुवात केली, पोटली शाळेत यायची आपोआप थांबली, आणि माझ्या पापावर माझ्या इच्छेशिवायच पडदा पडला. गल्लीत काम पुन्हा येऊ लागले, पण पहिल्यासारखे नाही. मी खिडकी लावायला लागलो.

मी चिटणीसांना फोन केला तो यंदाच्या त्या निरोपाच्या दुसऱ्या दिवशी. "सोमवारी पोटली येणार नाहीत," मी म्हणालो. "आली तर मी फाटकात उभा राहीन. मुलींना एका खड्यालाही हात लावू देणार नाही."

ते हसले. "सर, तब्येत बरी आहे ना? तुम्ही आणि राग?"

"हो. राग. त्या साड्या या मुलींच्या आयांचं काम आहे. सहा वर्षांपूर्वी ते आपण काढून घेतलं. मला तेव्हाच माहीत होतं. मी गप्प बसलो."

"अहो, पण इतकी सोपी गोष्ट..."

"सोपीच हवी असेल तर पहिला मार्ग लिहून घ्या. पदाधिकाऱ्यांनी आणि शिक्षकांनी आपापल्या खिशातून संघाला बूट घ्यावेत. माझ्यापासून सुरुवात करा."

"सर, यादी कमी मेहनतीची आहे."

"पैसे देण्यात तुम्हाला कसली मेहनत पडते, साहेब?"

माझा आवाज चढला होता. स्वयंपाकघरातून पत्नी बाहेर येऊन उभी राहिली होती. मग चिटणीस कोरड्या सुरात म्हणाले, "ठीक आहे. शेठला मी नाही म्हणून कळवतो. बुटांचं तुमचं तुम्ही बघा." आणि फोन ठेवला.

रविवारी दुपारी मी लताबाईंच्या गल्लीत गेलो. यंदा तिचे काम वाचले आहे, हे तिला सांगायला गेलो होतो, असे मी स्वतःला सांगत होतो. खरे तर तिच्या तोंडून काहीतरी ऐकायला गेलो होतो.

ती ओट्यावर बसली होती. मांडीवर लिंबाच्या रंगाची साडी. केस पांढरे झाले आहेत, डोळ्यांवर जाड चष्मा आला आहे. मला पाहून तिने साडी न हलवता पायाने पाट पुढे सरकवला. मी बसलो आणि सगळे सांगितले. तेव्हाचे, आत्ताचे, फोनचे. शेवटी म्हणालो, "ताई, माझं चुकलं. मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी तसं वागलो."

तिचा हात थांबला नाही. ठिपका, खडा, ठिपका, खडा. "आते काय, सर," ती म्हणाली. "सहा वरीस व्हयनात."

"मनीषा?"

"कामरेजले शे. कारखान्याच्या हापिसात बसस. रविवारी येते, पण आज नाय आली." मग जरा थांबून, "तिनी ऐकेल व्हतं, सर, त्या दिवशी. घरी येऊन मला म्हणली, त्या मोज्यांत मी हात घालणार नाय. मी म्हणलं, वेडी का तू, खेळ. माझं गेलं ते गेलं, तुझं कशाला घालवतेस. नाय ऐकलं. आजबी मोबाईलमा मॅच दखस. बघता बघता हात असे पुढे करते." तिने कोन खाली ठेवून दोन्ही तळवे क्षणभर उचलले आणि पुन्हा कोन घेतला.

मग तिनेच विचारले, "सर, तुम्ही कधी एक साडी केली का हो?"

"नाही."

"मग करी दखा."

तिने साडीच्या पदराची बाजू माझ्याकडे ढकलली, पेन्सिल दिली, दुसरा कोन दिला. एक कोयरी, फक्त एक. मला ते आवडले. हे मी लपवत नाही. काहीतरी भोगायला मिळते आहे याने मला आतून हलके वाटू लागले. गमाचा वास नाकातून कपाळात गेला. खडा मेणावरून निसटे, ठिपक्यावर तिरका बसे, सरळ करायला जावे तर बोटाला चिकटून वर येई. मान आखडली, चष्म्यावर घाम साचला. तासाभराने माझी कोयरी पुरी झाली. शिक्षा पूर्ण केलेल्या एखाद्या मुलासारखे मी वर पाहिले.

लताबाईंनी साडी ओढून घेतली आणि उन्हाकडे धरली. मग अंगठ्याच्या नखाने माझा पहिला खडा काढला. दुसरा काढला. प्रत्येक खडा निघाला की त्याच्या खाली गमाचा वेडावाकडा डाग राही, तो ती ओल्या चिंधीने जपून टिपे.

"डाग राहिला तर साडी परत येते, सर. मजुरी कापस."

"अहो, मग मला बसवलंत कशाला?"

"तुम्ही सर ना. नाय कशी म्हणू? आणि तुम्हाला वाटत होतं ना काहीतरी करावं."

बाजूला तीन साड्या अजून घडीतच होत्या. ठेकेदार संध्याकाळी न्यायला येणार होता. माझे प्रायश्चित्तही मी तिच्याच दुपारच्या वेळातून उचलले होते. पुन्हा काही न विचारता, पुन्हा आदराने. मी म्हणालो, "ताई, माफ करा, माझ्यामुळे तुमचा..."

"बोलू नका, सर," ती खडा न सोडता म्हणाली. "हात हालस."

तिने साडीचे दुसरे टोक माझ्या हातात दिले आणि ताणून धरायला सांगितले. मी धरले. माझे खडे एकेक करून निघत गेले, आणि ज्या जागी ते होते तिथे तिने दुसरे बसवायला सुरुवात केली.